ते घोडे कोणाचे होते?

जानेवारी 1903. रशियातल्या यास्नाया पोल्याना या गावी 74 वर्षांचा एक लेखक एका वृद्ध विधवेला पत्र लिहीत होता. बाईंची आणि त्यांची ओळख नव्हती. पन्नास वर्षांपूर्वी या बाईंचे पती कॉकेशसमधल्या नुखा गावी सरकारी अधिकारी होते आणि त्यांच्या घरी काही दिवस एक माणूस राहिला होता. पाहुणा म्हणा किंवा नजरकैदी म्हणा, दोन्ही खरे. लेखकाला त्या माणसाबद्दल काही गोष्टी विचारायच्या होत्या.

तो थोडेफार तरी रशियन बोलायचा का? ज्या घोड्यांवरून त्याने पळून जायचा प्रयत्न केला ते घोडे कोणाचे होते, त्याचे स्वतःचे की त्याला दिलेले? चांगले होते का, आणि रंग कोणता? त्याचे लंगडणे सहज नजरेत भरायचे का? तुम्ही वरच्या मजल्यावर राहत होतात आणि तो खाली, त्या घराला बाग होती का? आणि पाच वेळची नमाज वगैरे मुसलमानी रिवाज तो काटेकोर पाळायचा का?

पत्र लिहिणारे होते लिओ टॉलस्टॉय. 'वॉर अँड पीस' आणि 'ॲना कॅरेनिना' लिहून त्यांना कित्येक वर्षे झाली होती. जगभरातून लोक त्यांना भेटायला येत होते. असा माणूस एका अनोळखी म्हाताऱ्या बाईला घोड्याचा रंग विचारत होता.

मला अधूनमधून तरुण मुलांचे फोन आणि मेसेज येतात. "सर, एक कल्पना सुचलीय, कादंबरी होईल का?" बहुतेकांकडे खरोखर काहीतरी असते. एखादे दृश्य, घरात ऐकलेले एखादे वाक्य, एखादा विक्षिप्त काका. पहिली दहा पाने झपाट्याने लिहून होतात आणि अकराव्या पानावर गाडी थांबते. मी आजवर त्यांना ठरलेली उत्तरे देत आलो. वाचत राहा, रोज लिहा, टिपणे ठेवा. हल्ली मात्र मी त्यांना या पत्राची गोष्ट सांगतो. कारण ठिणगी आणि कादंबरी यांच्यामध्ये नेमके काय घडते याचा इतका स्वच्छ पुरावा साहित्याच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी सापडतो.

नांगरटीतले फूल

गोष्ट सुरू होते जुलै 1896 मध्ये. टॉलस्टॉय आपल्या भावाच्या पिरोगोवो येथील शेतावर होते. काळ्या मातीच्या नांगरलेल्या रानातून चालताना नजर जाईल तिकडे हिरवे पातेही दिसत नव्हते. रस्त्याच्या कडेला मात्र एक काटेरी झुडूप उभे होते. आपल्याकडच्या उटकटारीच्या जातकुळीतले, लालसर जांभळ्या फुलांचे. त्याला तीन फांद्या होत्या. एक मोडून तिचे मळलेले फूल लोंबत होते. दुसरी मोडून चिखलाने काळी पडली होती. तिसरी धुळीने माखलेली, आडवी झालेली, पण जिवंत, आणि मधोमध अजून लाल.

त्यांनी रोजनिशीत हे टिपून ठेवले आणि लगेच पुढे लिहिले की यावरून हाजी मुरादची आठवण झाली, लिहावेसे वाटते.

या झुडपाला रशियन खेड्यांत म्हणतात 'तातारिन', म्हणजे तातार. त्या काळचे रशियन लोक कॉकेशसच्या कोणत्याही मुसलमानाला सरसकट तातारच म्हणत. म्हणजे फुलाच्या नावातच एक मुसलमान दडलेला होता. ठिणगी अशी कुठल्या तरी दोन वस्तूंच्या घासण्यातून पडते, त्यातली एक बहुधा शब्द असते.

हाजी मुराद कोण, हे थोडक्यात सांगायला हवे. दागिस्तानच्या खुनझाख गावचा हा अवार जमातीचा सरदार. खानांच्या घराण्याशी त्याचे दूधभावाचे नाते होते. 1834 मध्ये इमाम हमजत बेगने त्या खानांना ठार केले, तेव्हा हाजी मुराद आणि त्याचा भाऊ उस्मान यांनी खुनझाखच्या मशिदीत हमजतला मारून सूड घेतला. उस्मान तिथेच पडला. पुढे हाजी मुराद काही वर्षे रशियनांच्या बाजूने होता. मग त्याच्यावर फितुरीचा आळ आला. बांधून नेत असताना त्याने कड्यावरून खाली उडी घेतली आणि बरोबरच्या शिपायालाही ओढले. शिपाई मेला, हा वाचला, पण पाय मोडला. लंगडेपण आले ते तिथून. त्यानंतर तो इमाम शामिलला जाऊन मिळाला आणि त्याचा सर्वांत धाडसी नायब ठरला. 1851 मध्ये शामिलशी बिनसले. जिवावर बेतल्यावर नोव्हेंबरमध्ये तो रशियनांच्या स्वाधीन झाला. आई, बायका, मुले मात्र शामिलच्या ताब्यात राहिली. कैद्यांच्या बदल्यात माझे कुटुंब सोडवून आणा, मग मी तुमच्यासाठी लढतो, एवढेच त्याचे मागणे होते. रशियन अधिकारी गोड बोलत राहिले आणि दिवस जात राहिले. एप्रिल 1852 मध्ये त्याने नुख्याहून पळून जायचा प्रयत्न केला, वेढला गेला आणि आपल्या चार साथीदारांसह शेवटच्या गोळीपर्यंत लढला. त्याचे डोके कापून आधी तिफ्लिसला आणि मग पीटर्सबर्गला पाठवण्यात आले.

हा सगळा काळ टॉलस्टॉय तिथेच होते. हाजी मुराद शरण आला तेव्हा 23 वर्षांचे टॉलस्टॉय तिफ्लिसमध्ये फौजेत भरती व्हायची वाट पाहत बसले होते. भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही बातमी कळवली, आणि या माणसाने नीचपणा केला असा शेराही मारला. 1852 च्या हिवाळ्यात चेचेन गावे जाळणाऱ्या, जंगले तोडणाऱ्या मोहिमेत ते स्वतः तोफखान्याबरोबर होते.

एका बाजूला 23 वर्षांच्या पोराचा तो शेरा आणि दुसऱ्या बाजूला धुळीने माखलेले लाल फूल. मध्ये 45 वर्षे.

पहिला खर्डा आणि एक घाईचे उत्तर

फूल दिसल्यावर महिन्याभरात, ऑगस्ट 1896 मध्ये, पहिला खर्डा तयार झाला. बहीण राहत होती त्या शामोर्दिनोच्या मठात बसून त्यांनी तो लिहिला. नाव त्या झुडपावरूनच दिले. आकाराने छोटेखानी. दुसरा कोणी असता तर ही कथा छापून मोकळा झाला असता. टॉलस्टॉयना ती पटली नाही. पुढची आठ वर्षे, मध्ये मध्ये बाजूला ठेवत, ते तिच्याकडे परत येत राहिले. दहाच्या आसपास खर्डे झाले.

आता येतो तो भाग मला, एक मुसलमान वाचक म्हणून, सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीच्या वर्षांत टॉलस्टॉयच्या मनात या कथेचा 'मुद्दा' ठरलेला होता. रोजनिशीत त्यांनी नोंद केली आहे की हाजी मुरादमध्ये मुख्य दाखवायचे ते श्रद्धेने केलेली फसवणूक. ही फसवणूक नसती तर हा माणूस किती चांगला असता! म्हणजे धर्माने नासवलेला एक भला माणूस, अशी ती गोष्ट होती. एका खर्ड्याचे नावही 'गजवात' असे होते. हे त्यांच्या त्या काळच्या विचारांना धरूनच होते. चर्चवर ते तुटून पडतच होते. 1901 मध्ये रशियन चर्चने त्यांना बाहेर काढले ते उगाच नाही. इस्लामसाठी वेगळा न्याय लावायचे त्यांना काही कारण नव्हते.

कल्पना करा, ते तिथेच थांबले असते तर? एक प्रचारकी पुस्तक झाले असते. टॉलस्टॉयच्या हातचे, म्हणून चांगल्या भाषेतले, पण प्रचारकीच. त्यात हाजी मुरादने नमाज पढली असती ती वाचकाला त्याचा आंधळेपणा दिसावा म्हणून.

तसे झाले नाही. का झाले नाही, याचे लेखी उत्तर टॉलस्टॉयनी कुठे देऊन ठेवलेले माझ्या वाचनात नाही. माझी समजूत अशी की त्यांनी उत्तर हातात असतानाही प्रश्न विचारणे सोडले नाही. सहा वर्षांनी त्याच विषयावर ते त्या विधवेला काय विचारतात पाहा. तो धर्मवेडा होता का, असे नाही. इस्लामने त्याचे नुकसान केले का, असेही नाही. तो पाच वेळा नमाज पढायचा का, एवढेच. पहिल्या प्रकारच्या प्रश्नात उत्तर आधीच घालून ठेवलेले असते. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाचे उत्तर फक्त ज्याने पाहिले तोच देऊ शकतो.

छापलेल्या कादंबरीत हाजी मुराद वुजू करतो, नमाज पढतो, आणि टॉलस्टॉय त्यावर एका शब्दाचेही भाष्य करत नाहीत. तो घोड्यावर बसतो, जेवतो, मुलांना आठवतो, तशी नमाजही पढतो. शेवटच्या रात्री वुजूच्या पाण्यासाठी तो उठतो आणि बाहेर येतो, तिथून पळण्याचा सगळा प्रसंग उलगडतो. धर्म त्याच्या दिवसाचे वेळापत्रक आहे. आमच्या घरात तो तसाच होता आणि आहे. रशियन भाषेत लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती म्हाताऱ्याने तो तसा पकडला याचे मला अजून नवल वाटते.

आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत मुसलमान पात्र आले की त्याच्या डोळ्यांतला अंगार आणि दाढीची लांबी आधी ठरलेली असते. त्याच्या घराला बाग होती का, हे विचारायला कोणी टपाल खर्च करत नाही. असो.

काचेच्या पेटीतला माणूस

मार्च 1898 मध्ये टॉलस्टॉयनी रोजनिशीत एका इंग्रजी खेळण्याचा उल्लेख केला आहे. पेटीला काच लावलेली, काचेतून डोकावले की एकामागून एक वेगवेगळी चित्रे दिसतात. आपल्या जत्रांतून 'दिल्ली का कुतुबमिनार देखो' म्हणत बायोस्कोपवाला यायचा, साधारण त्या जातीचे. हाजी मुराद असा दाखवायला हवा, असे त्यांनी लिहिले. कधी नवरा म्हणून, कधी धर्मवेडा म्हणून, वगैरे.

इथे प्रश्न बदलला. तो चांगला की वाईट, हा प्रश्न मागे पडला. त्याच्याकडे कोण कोण बघते आणि प्रत्येकाला काय दिसते, हा प्रश्न पुढे आला. कादंबरीची 25 प्रकरणे यातून उभी राहिली असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. गावच्या सादोला तो पाहुणा दिसतो, ज्याच्यासाठी जीव धोक्यात घालायचा. तरुण वोरोन्त्सोवला तो नशिबाने हाती लागलेला मान दिसतो. वोरोन्त्सोवच्या लहान मुलाला त्याच्या कमरेचा खंजीर दिसतो. म्हाताऱ्या व्हाइसरॉयला उपयोगी पडेल की दगा देईल असा हिशेब दिसतो. शामिलला गद्दार दिसतो, आणि झारला तर कागदावरचे एक नाव.

रशियन बोलायचा का, या प्रश्नाचे महत्त्व इथे कळते. त्याला रशियन येत नसेल तर प्रत्येक भेट दुभाष्यातून होणार. मग बोललेले एक आणि समजलेले दुसरे. व्हाइसरॉय आणि हाजी मुराद यांची तिफ्लिसमधली भेट मी कितीदा वाचली असेल. दुभाषी आदराचे शब्द इकडून तिकडे पोहोचवतो आहे आणि त्याच वेळी दोघांचे डोळे एकमेकांना भलतेच काही सांगत आहेत: तुझ्या एका शब्दावर माझा विश्वास नाही, आणि तुझा माझ्यावर नाही, हे आपण दोघेही जाणतो. भाषा येत नसल्याच्या एका छोट्या तपशिलातून एवढा प्रसंग निघाला.

बागेचेही तसेच. कादंबरीच्या शेवटच्या भागात नुख्याच्या त्या घराच्या बागेत रात्रभर बुलबुल गातात. (आपण मराठीत ज्याला बुलबुल म्हणतो तो पक्षी वेगळा, हा फारसी गझलेतला बुलबुल.) आत खंजिरांना धार लावली जाते आहे, बाहेर बुलबुल. दुसऱ्या दिवशी झाडीत गोळीबार सुरू झाल्यावर ते गप्प होतात, आणि सगळे संपल्यावर पुन्हा गायला लागतात. घराला बाग होती का, हे विचारताना टॉलस्टॉयना बुलबुल सुचले होते की बुलबुल आधी सुचले आणि म्हणून बाग विचारली, कोण सांगणार? पण बाग नसती तर त्यांनी बुलबुल घातले नसते. या बाईंच्या मुलालाही त्यांनी काही दिवस आधी असेच पत्र लिहिले होते. पळाला त्या दिवशी त्याच्या आणि साथीदारांच्या खांद्यावर बंदुका होत्या की नव्हत्या, असे त्यात विचारले होते. इतिहासातले लिहिताना अगदी बारीक गोष्टींतही मला वास्तवाशी प्रामाणिक राहायला आवडते, असेही त्यांनी त्याला कळवले होते. हा मुलगा 1852 मध्ये अगदी लहान होता. आईला जास्त आठवते असे त्याच्याकडून कळले, म्हणून मग आईला पत्र. पुढे शुल्गिन नावाच्या तिफ्लिसच्या गृहस्थांनी बाईंच्या तोंडून आठवणी लिहून घेतल्या.

पुस्तकेही त्यांनी ढिगाने वाचली. पीटर्सबर्गच्या ग्रंथालयातले मित्र स्तासोव यांच्याकडून कॉकेशसच्या इतिहासाची पुस्तके मागवली. झिसरमन नावाच्या अधिकाऱ्याच्या कॉकेशसमधल्या 25 वर्षांच्या आठवणी, पहाडी लोकांबद्दलच्या माहितीचे संग्रह, सरकारी कागदपत्रे, असे बरेच काही. हाजी मुरादने स्वतःची हकीकत लोरिस-मेलिकोव या अधिकाऱ्याला सांगितली होती ती छापलेली होती, तिचा कादंबरीत थेट वापर झाला. यावर जास्त लिहीत नाही. अभ्यास सगळेच करतात. अभ्यासातून उरलेली भोके ओळखून त्यांसाठी जिवंत माणसाचे दार ठोठावणे, हे थोडे करतात.

गाव कोणी जाळले?

प्रश्नांची एक जात माणसाच्या आत नेते, दुसरी वर नेते. दुसरीचे उदाहरण या कादंबरीत फार कडक आहे.

सुरुवातीला हाजी मुरादला आसरा देणारा सादो. हे नाव टॉलस्टॉयनी हवेतून आणलेले नाही. तरुणपणी सादो मिसोर्बियेव नावाचा एक चेचेन त्यांचा जिवलग दोस्त होता. जुगारात टॉलस्टॉयनी लिहून दिलेला कर्जाचा कागद या सादोने समोरच्याकडून खेळून परत जिंकला आणि फुकट आणून दिला, अशी हकीकत त्यांच्या पत्रांत आहे. त्या दोस्ताचे नाव पन्नास वर्षांनी कादंबरीतल्या यजमानाला मिळाले. आणि पुढे याच सादोच्या गावावर रशियन फौज चालून येते. घरे पडतात, गवताच्या गंजी जळतात, मधमाश्यांची पोळी जाळली जातात, कारंजे आणि मशीद मुद्दाम घाण केली जाते, त्याच्या मुलाचे प्रेत पाठीत संगीन खुपसलेले असे मशिदीत आणले जाते.

हे कोणी केले? शिपायांनी. शिपायांना कोणी सांगितले? अधिकाऱ्यांनी. त्यांना? असे वर चढत चढत टॉलस्टॉय थेट हिवाळी राजवाड्यात पोहोचले. झार निकोलस पहिला हे प्रकरण त्यांना आवरत नव्हते, कितीदा तरी पुन्हा लिहिले. इथेही प्रश्नच. राजदरबारात आयुष्य गेलेल्या आपल्या नात्यातल्या अलेक्झांद्रा टॉलस्टाया यांना जानेवारी 1903 मध्येच त्यांनी पत्र लिहून झारच्या खासगी आयुष्याबद्दल विचारले. त्याच्या भानगडी, बायकोशी कसा वागायचा, असल्या गोष्टी. राज्यकारभाराच्या फायली त्यांना नको होत्या, किल्ली हवी होती. कादंबरीतला झार रात्री मुखवट्यांच्या नाचाहून एका मुलीला भेटून येतो आणि सकाळी एका पोलिश विद्यार्थ्याला हजार शिपायांच्या रांगेतून बारा वेळा फटके खात चालवा असा हुकूम देतो. वर स्वतःची पाठ थोपटून घेतो की आपल्या देशात फाशीची शिक्षा नाही. त्याच बैठकीत कॉकेशसचाही निकाल लागतो. पुढच्या प्रकरणात सादोचे गाव जळते.

आणि शामिल? एखाद्या भोळ्या लेखकाने झार वाईट म्हणून इमाम चांगला केला असता. टॉलस्टॉयनी दोघांना समोरासमोर ठेवले. शुल्गिन यांच्याशी बोलताना त्यांनी सांगितले होते की शामिल आणि निकोलस ही निरंकुश सत्तेची दोन टोके, एक आशियाई, एक युरोपीय, आणि या जोडीत त्यांना रस आहे. आमच्यापैकी अनेकांना शामिल हा केवळ स्वातंत्र्यवीर म्हणून प्यारा आहे. तो होताही. पण हाजी मुरादच्या मुलाचे डोळे काढायची धमकी देणारा शामिलही याच पुस्तकात आहे, आणि ते पान मी उलटून पुढे जात नाही.

मधल्या भागात अवदेयेव नावाचा एक साधा रशियन शिपाई किरकोळ चकमकीत मरतो. मुख्य कथेला त्याची काही गरज नाही. पण टॉलस्टॉय त्याच्या गावी जातात, जिथे म्हातारा बाप ओट झोडपतो आहे आणि आई मुलाला एक रुबल पाठवायच्या गडबडीत आहे. रुबल परत येतो, मुलगा मेल्याच्या चिठ्ठीसह. माझ्या मते हे पुस्तकातले सर्वांत थोर प्रकरण आहे. गोळीबारात कोण मेले, या प्रश्नावर न थांबता त्याच्या खळ्यावर काय चालले होते, हे विचारल्याशिवाय ते लिहिता येत नाही.

चोरून लिहिलेले पुस्तक

गंमत अशी की हे सगळे टॉलस्टॉय जवळजवळ चोरून करत होते. साने गुरुजींनी मराठीत आणलेला 'कला म्हणजे काय?' हा त्यांचा ग्रंथ याच काळातला, 1898 चा. त्यात त्यांनी बहुतेक सगळी मोठी कला, स्वतःची धरून, मोडीत काढली होती. मग आपणच एका पहाडी सरदाराच्या घोड्यांच्या मागे वेडे झालो आहोत हे लोकांना कसे सांगणार? हाजी मुराद मी माझ्या स्वतःच्याही नकळत लिहितो आहे, अशा अर्थाचे त्यांनी एका पत्रात लिहिले आहे. पुस्तक त्यांनी हयातीत छापलेच नाही. 1910 मध्ये ते गेले. 1912 मध्ये ते छापले गेले तेव्हा रशियातल्या आवृत्तीला सेन्सॉरची कात्री लागली. पूर्ण पुस्तक त्याच वर्षी बर्लिनमध्ये निघाले.

हाजी मुरादची कवटी पुढे पीटर्सबर्गच्या कुन्स्टकामेरा या संग्रहालयात ठेवली गेली. ती परत द्या, धडाबरोबर दफन करू द्या, अशी मागणी दागिस्तानातून होत आली आहे. कादंबरीत मृत्यूआधीच डोके येते. एक अधिकारी पोत्यातून ते काढून ठाण्याठाण्यावर दाखवत फिरतो, आणि त्यानंतर टॉलस्टॉय मागे जाऊन तो कसा मेला ते सांगतात. पण त्याच्याही आधी, नुख्याच्या शेवटच्या रात्री, हाजी मुरादला आठवते की लहानपणी आईने पहिल्यांदा त्याचे डोके भादरले होते आणि भिंतीवर टांगलेल्या चकचकीत पितळी भांड्यात त्याने स्वतःचे ते छोटे, निळसर, गोल डोके आश्चर्याने पाहिले होते. हा तपशील कोणत्याही सरकारी कागदात सापडण्यातला नाही. कवटी संग्रहालयात मोजता येते. ते पितळी भांडे टॉलस्टॉयनी कुठून आणले असेल?

आमच्या घरातले दूध

आता घरची गोष्ट. माझी नानी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका खेड्याची. सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर त्या कुटुंबाने एका रात्रीत गाव सोडले. रझाकारांनी जे केले त्याची किंमत मराठवाड्यातल्या अशा कितीतरी घरांनी मोजली ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता. पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला आहे, आणि सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे. हा अहवाल कित्येक दशके दाबून ठेवला होता.

नानी या विषयावर कधी बोलत नसे. फक्त एक वाक्य म्हणायची. घरात कधीही दूध उतू गेले की म्हणायची, "उस रात दूध चूल्हेपरच रह गया." एवढेच. मग फडके घेऊन ओटा पुसायला लागायची.

हे वाक्य माझ्याकडे तीस वर्षांपासून आहे. त्यावर कादंबरी लिहायची म्हणून मी दोनदा बसलो. दोन्ही वेळा माझ्याकडे मुद्दा तयार होता: फाळणी, निजाम, राष्ट्र, अल्पसंख्याक. दोन्ही वेळा चाळीस-पन्नास पानांनंतर नानी कुठे दिसेना, मीच बोलत होतो. नानीला कधी विचारले नाही की दूध म्हशीचे होते की गाईचे. जनावरे सोडून दिली की बांधलेलीच राहिली? दाराला कुलूप लावले का, आणि लावले असेल तर किल्ली कोणाकडे दिली? तालुक्याला जाताना बैलगाडी होती हे मला माहीत आहे, कारण नानी तेव्हा तापाने फणफणली होती आणि गाडीत झोपली होती, असे अम्मी सांगते. नानीच्या घरी बैल नव्हते. त्यांची शेती बटईने दिलेली होती. मग ती गाडी कोणाची होती? कोणी तरी रात्री आपले बैल जुंपले, मुसलमानांचे एक कुटुंब त्यात घातले आणि हाकत नेले. तो कोण होता? परत गावी गेल्यावर त्याला कोणी काही विचारले का?

नानी जाऊन पंधरा वर्षे झाली.

गेल्या आठवड्यात या लेखाची टिपणे काढताना छोट्या नानीला, म्हणजे नानीच्या सर्वांत धाकट्या बहिणीला, फोन केला. 1948 मध्ये ती सहा-सात वर्षांची असेल. आता कमी ऐकू येते, फोनवर फार बोलता येत नाही. मी ओरडूनच विचारले, गाडी आठवते का?

"हौ तो. सफेद बैल थे. एक के सींग को लाल रंग था, पोले का." मग जरा थांबून म्हणाली, "फोनपर क्या पूछता रे, जुम्मे को आ. बैठ के बोलती."

पोळा श्रावणाच्या अमावास्येला. पंचांग काढून पाहिले. 1948 मध्ये तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच येऊन गेला होता. म्हणजे शिंगांचा रंग अजून उतरला नव्हता.

जुम्म्याला जाणार आहे. एका कागदावर प्रश्न लिहून ठेवले आहेत, मोठ्या अक्षरात, तिला दाखवता यावेत म्हणून. पहिला प्रश्न बैलांचा आहे.